लॉगिंग आणि चाचणीचा कोड प्रत्येक ठेकेदाराने नव्याने का लिहायचा?

कळव्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलं आणि विटाव्याचा रेल्वे पूल मागे टाकला, की दिघ्याला महापालिका बदलते, ठाण्याची संपून नवी मुंबईची सुरू होते. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, नळजोडणी, परवाने ही कामं मात्र दोन्हीकडे तीच. ती कामं करणारं सॉफ्टवेअर लिहू शकणारी माणसंही याच पट्ट्यात, वागळे इस्टेटपासून ऐरोली-महाप्यापर्यंत, रोज कामाला येतात. असं असताना जनतेच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात लॉग, म्हणजे प्रणालीत काय घडलं याची नोंद, लिहिण्याचा आणि चाचण्या चालवण्याचा कोड पहिल्यापासून लिहिला जावा, हे आम्हाला पटत नाही. हा भाग सामायिक असावा, त्याचा सोर्स कोड सगळ्यांना वाचायला खुला असावा, आणि तो वापरण्याची अट निविदेतच असावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मागणी छोटी आहे. अख्खी करप्रणाली दोन शहरांनी मिळून लिहावी असं आम्ही म्हणत नाही. कराचे दर, सवलती, मंजुरीची उतरंड यांत फरक असणारच. पण संगणकावरच्या कार्यक्रमात (प्रोग्रॅममध्ये) काय घडलं याची नोंद ठेवणं आणि कार्यक्रम बरोबर चालतो का हे तपासणं, यात ठाण्याचं वेगळं आणि बेलापूरचं वेगळं असं काही नसतं. खालचा थर तर लायब्ररींच्या, म्हणजे कोणीही आपल्या कार्यक्रमात जोडून घ्यावा अशा कोडच्या, रूपात तयारच आहे: जावासाठी एसएलएफफोरजे आणि लॉगबॅक, पायथॉनमध्ये भाषेसोबतच येणारं लॉगिंग मॉड्यूल, डॉटनेटसाठी सेरीलॉग, चाचणीसाठी जेयूनिट, पायटेस्ट, ब्राउझरसाठी प्लेराइट. त्यावर आपल्या गरजेचा एक पातळ थर हवा, प्रत्येक भाषेत फार तर हजार-दोन हजार ओळींचा. लॉगमध्ये कोणते रकाने असावेत, कोणती माहिती कधीच लिहायची नाही, मराठी मजकुराच्या चाचण्या कोणत्या, एवढंच त्यात ठरलेलं असेल. आमचा सगळा आग्रह या पातळ थराबद्दल आहे.

त्याची गरज कुठे लागते ते एका पावतीवरून बघू. समजा, घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटमालकाने ३१ मार्चची मध्यरात्र उलटल्यावर १२ वाजून १० मिनिटांनी मालमत्ता कर भरला. बँकेतून पैसे गेले, पावती आली नाही. तो यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक लिहून घेतो आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात येतो. त्याचे पैसे वाटेत निदान पाच कार्यक्रमांच्या हातांतून गेलेले असतात: वेबसाइट, पेमेंट गेटवेकडे (बँकेतून पैसे वळते करून देणाऱ्या सेवेकडे) विनंती पाठवणारा भाग, गेटवेचा उलट निरोप घेणारा भाग, खात्यात जमा दाखवणारा भाग, आणि पावती व एसएमएस पाठवणारा भाग. प्रत्येकाचा लॉग वेगळ्या माणसाने आपल्या मनाने लिहिलेला असला, तर एकात मालमत्तेचा क्रमांक सापडतो, दुसऱ्यात गेटवेचा व्यवहार क्रमांक, तिसऱ्यात नुसतं ‘काहीतरी चूक झाली’. पाचही फाइली समोर असूनही या एका माणसाचे पैसे कुठे अडकले ते सांगता येत नाही, कारण ओळी एकमेकींना जोडणारा धागाच नसतो.

हा धागा म्हणजे ट्रेस आयडी. पहिली विनंती आली की एक क्रमांक तयार करायचा, पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाकडे तो हेडरमधून, म्हणजे विनंतीला जोडलेल्या माहितीतून, पाठवायचा आणि प्रत्येक ओळीत छापायचा. त्याचं प्रमाणही ठरलेलं आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०२० साली ‘ट्रेस कॉन्टेक्स्ट’ मंजूर केलं, त्यात हा क्रमांक ३२ हेक्साडेसिमल अक्षरांचा (० ते ९ आणि ए ते एफ) असतो. गेटवेकडून उलट निरोप येतो तेव्हा मात्र तो आपल्या हेडरसोबत येत नाही. तिथे धागा तुटतो, आणि हाताने लिहिलेल्या बहुतेक लॉगरमध्ये तो तिथेच तुटलेला राहतो. विनंती पाठवतानाच आपला ट्रेस आयडी ऑर्डर क्रमांकाशेजारी डेटाबेसमध्ये ठेवायचा आणि निरोप आल्यावर तिथून उचलायचा, एवढा साधा उपाय आहे. पण तो प्रत्येक टीमला प्रत्येक वेळी आठवावा ही अपेक्षाच चुकीची. तो लायब्ररीत एकदा लिहिलेला असला की विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

वेळेचं तर याहून नाजूक आहे. मध्यरात्रीनंतर १२ वाजून १० मिनिटं म्हणजे जागतिक वेळेनुसार (यूटीसी) आदल्या दिवशीचे १८ वाजून ४० मिनिटं. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल आणि लॉगमध्ये वेळेचा विभाग लिहिलेला नसेल, तर हा भरणा ३१ मार्चचा दिसतो. आपल्याकडे तो १ एप्रिलचा आहे. आर्थिक वर्षच बदललं, आणि व्याज लागतं की नाही हा वाद उभा राहिला. म्हणून लॉगमधली वेळ यूटीसीत, मिलिसेकंदांसह आणि शेवटी विभाग दाखवूनच लिहायची. पावतीवर भारतीय वेळ छापायची. आणि कर कोणत्या तारखेला धरायचा हे ठरवताना सर्व्हरच्या वेळेवर कधीच अवलंबून राहायचं नाही.

लॉग लिहिणं म्हणजे फाइलमध्ये ओळ टाकणं, त्याला लायब्ररी कशाला, असं म्हणणारे अनुभवी लोकही भेटतात. ओळ टाकणं सोपं आहे, खरं. पण एकाच वेळी पन्नास थ्रेड, म्हणजे कार्यक्रमाची समांतर चालणारी कामं, लिहू लागली की ओळी एकमेकींत मिसळतात. वेगासाठी बफर (डिस्कवर लिहिण्याआधी मेमरीत तात्पुरता साठा) ठेवला आणि कार्यक्रम कोसळला, तर शेवटच्या काही ओळी, म्हणजे नेमक्या ज्या हव्या असतात त्याच, डिस्कवर पोचत नाहीत. बफर न ठेवता प्रत्येक ओळीला थांबून लिहिलं, तर डिस्क मंदावल्यावर कर भरणाऱ्याचं पान लटकतं. फाइल फिरवण्याची, म्हणजे ती मोठी झाली की नवी सुरू करून जुन्या हलवण्याची, सोय विसरली की डिस्क भरते, आणि डिस्क भरली की डेटाबेसही थांबतो. हिशोब करून बघा: सेकंदाला २०० ओळी आणि ओळ एक किलोबाइटची धरली, तर दिवसाला साधारण १७ गिगाबाइट होतात, १८० दिवसांत तीन टेराबाइटच्या वर. मजकूर दाबून ठेवला की तो बराच आवळतो, पण त्यासाठी आधी कोणीतरी ती सोय केलेली असावी लागते.

१८० हा आकडा मनाने घेतलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांसह सगळ्यांनी आपल्या माहिती प्रणालींचे लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवायचे आहेत, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे, आणि घड्याळं एनआयसी (केंद्र सरकारची संगणक संस्था) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. सहा तासांत काय घडलं ते सांगायचं, आणि पाच कार्यक्रमांचे लॉग पाच तऱ्हांचे. पहिले चार तास नुसते फाइलींचा अर्थ लावण्यातच जातील.

आता लॉगमध्ये काय लिहायचं नाही ते पाहू. आमच्या मते सामायिक लायब्ररीचं सगळ्यात भक्कम समर्थन इथेच आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, कारण एका बगमुळे पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं, तर दहा जणांच्या टीमकडून तसं कधीच होणार नाही हे धरून चालता येत नाही. महापालिकेच्या अर्जांत आधार असतो, मोबाइल असतो, पॅन असतो, कधी वैद्यकीय कागदही असतात. चाचणीच्या वेळी सोय म्हणून कोणीतरी पूर्ण विनंती लॉगमध्ये छापतं आणि ती ओळ तशीच रिलीजमध्ये जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

यावर लोक लगेच सुचवतात तो उपाय म्हणजे लॉगच्या मजकुरात १२ सलग अंक दिसले की ते झाकून टाकायचे. हा उपाय दोन्ही बाजूंनी फसतो. पहिली बाजू अशी, की यूपीआयचा संदर्भ क्रमांकही १२ अंकांचाच असतो. तो झाकला तर वरच्या फ्लॅटमालकाची तक्रार शोधायची कशावरून? आधारच्या शेवटच्या अंकात व्हेरहॉफ पद्धतीची पडताळणी असते, तिचा आधार घेऊन गाळणी लावता येते. तरीही अंदाधुंद घेतलेल्या दहा क्रमांकांपैकी साधारण एक त्या पडताळणीत बसतोच, आणि आधार समजून झाकला जातो. दुसरी बाजू आपल्या घरची आहे. मराठी कीबोर्ड लावून बसलेला माणूस आधार क्रमांक देवनागरी अंकांत भरू शकतो. पॅटर्नमध्ये, म्हणजे मजकूर शोधण्याच्या साच्यात, ‘कोणताही अंक’ म्हणून जे बॅकस्लॅश-डी लिहितात, ते जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक पकडतं, तर पायथॉनच्या स्ट्रिंगमध्ये देवनागरी अंकही पकडतं. म्हणजे तोच नियम, तोच पॅटर्न, पण एका सर्व्हरवर आधार झाकला जातो आणि शेजारच्या सर्व्हरवर उघडा पडतो. शिवाय लोक मध्ये जागा सोडून चार-चार अंकांचे गट करून लिहितात, तेव्हा ‘सलग १२’ हा निकष कुठेच लागू होत नाही.

बरोबर मार्ग असा, की मुक्त मजकूर लॉगमध्ये टाकूच द्यायचा नाही. प्रत्येक नोंद ठरलेल्या रकान्यांत, एका ओळीच्या जेसनमध्ये (रकान्याचं नाव आणि त्यातली माहिती अशा जोड्यांच्या मांडणीत) जावी, आणि रकान्यांची यादी लायब्ररीने ठरवावी. आधार नावाचा रकानाच नसावा. मोबाइलच्या रकान्यात शेवटचे चारच अंक जावेत. नागरिकाने लिहिलेला तक्रारीचा मजकूर लॉगमध्ये न टाकता फक्त तक्रार क्रमांक टाकावा. याने आणखी एक धोका टळतो. तक्रारीच्या चौकटीत कोणी एंटर मारून पुढे लॉगसारखीच दिसणारी खोटी ओळ लिहिली, तर साध्या लॉगरमध्ये ती खरी नोंद म्हणून उभी राहते. पॅटर्नची गाळणी दुसरं कुंपण म्हणून ठेवावी, पहिलं म्हणून नाही. ठाण्यातल्या एखाद्या प्रकल्पात या गाळणीला भोक सापडलं, तर सामायिक लायब्ररीत ते एकदा बुजवता येतं आणि वाशीच्या कार्यालयातही बुजतं. आपापला लॉगर लिहिण्याच्या पद्धतीत तेच भोक प्रत्येक टीमला स्वतः पडून शोधावं लागतं.

देवनागरीचा विषय निघालाच आहे, तर चाचणीकडे वळू. कारण मराठी वापरकर्त्यासाठी सामायिक चाचणीसंच हा सामायिक लॉगरपेक्षाही मोलाचा ठरेल असं आम्हाला वाटतं. जेयूनिट, पायटेस्ट ही साधनं कोणीही उतरवून घेईल, तो प्रश्न नाही. प्रश्न आहे तपासायचं काय हा, आणि त्याचं उत्तर परदेशी लायब्ररीत मिळणार नाही.

‘ॲ’ हे अक्षर घ्या. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा एक क्रमांक आहे. पण अनेक कीबोर्डांवरून तेच अक्षर ‘अ’ आणि वर चंद्र अशा दोन तुकड्यांत टाइप होतं. पडद्यावर फरक दिसत नाही, मात्र संगणकाला ही दोन वेगळी अक्षरं आहेत. आणि युनिकोडचं प्रमाणित रूपांतर, ज्याला एनएफसी म्हणतात, तेही या दोघांना एक करत नाही. परिणामी दाखल्यावर ‘ॲंथनी’ एका तऱ्हेने नोंदलेला असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलं, तर ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं. ‘कऱ्हाडकर’, ‘गोऱ्हे’ या आडनावांतला अर्धा र आणखी त्रासदायक. तो कोणी नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त घेऊन लिहितो, कोणी साधा र, हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह घेऊन. काही प्रणाली ‘अनावश्यक अदृश्य अक्षरं’ म्हणून झेडडब्ल्यूजे काढून टाकतात, आणि मग अर्धा र जाऊन ‘ह’वर रफार चढतो. एवढ्याने माणसाचं आडनाव चुकतं, आणि छापील दाखल्यावरचं आडनाव दुरुस्त करून घ्यायला काय यातायात पडते ते कोणालाही विचारा.

क्रमवारीचंही तसंच. नुसत्या युनिकोड क्रमांकावर यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे येतो आणि ‘क्ष’ने सुरू होणारी नावं ‘क’च्या पोटात जातात. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’च्या नंतर. डेटाबेसला मराठी क्रमवारी सांगितली तर तो ती पाळतो, पण सांगावी लागते, आणि सांगितली आहे का हे चाचणीनेच कळतं. तसंच लांबीचं. युनिकोडचा मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. नावासाठी ५० बाइटची जागा ठेवली असेल तर त्यात १६ चिन्हंच मावतात. मात्रा आणि हलन्तही चिन्हांतच मोजले जातात, त्यामुळे साधं नाव-आडनावसुद्धा अपुरं पडतं. बाइट मोजून मजकूर मधेच कापला, तर शेवटचं अक्षर अर्धवट राहतं आणि लॉगची ती अख्खी ओळ वाचणाऱ्या कार्यक्रमाकडून नाकारली जाऊ शकते.

अशी दोनशे-तीनशे उदाहरणं अपेक्षित उत्तरांसह एका फाइलीत बसतात. देवनागरी अंकांत भरलेला मोबाइल क्रमांक, आडनाव आधी लिहिलेलं नाव, लाखाच्या जागी स्वल्पविराम असलेली रक्कम, २९ फेब्रुवारीचा जन्म, हे सगळं त्यात यावं. ती फाइल कोणत्याही भाषेतल्या कोणत्याही प्रकल्पाला चालते. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, नेरूळ इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी अशी भर उत्तम घालू शकतील. त्यासाठी सर्व्हरची परवानगी लागत नाही, मराठीची आणि चिकाटीची लागते.

चाचणीसंचातला दुसरा भाग खोट्या पेमेंट गेटवेचा. खरा गेटवे चाचणीच्या वातावरणात बहुधा शहाण्यासारखा वागतो. प्रत्यक्षात मात्र निरोप चाळीस मिनिटं उशिरा येतो, तोच निरोप दोनदा येतो, ‘अयशस्वी’ असं पान दाखवून झाल्यावर ‘यशस्वी’चा निरोप येतो, किंवा येतच नाही आणि आपणहून विचारावं लागतं. या प्रकारांत कार्यक्रमाने कसं वागावं हे सगळ्या महापालिकांना एकच आहे: पैसे एकदाच जमा दाखवायचे, पावती एकच काढायची, आणि निरोप नसेल तर ठरावीक अंतराने स्वतः चौकशी करायची. हे सगळे प्रकार बटणासरशी घडवून आणणारा खोटा गेटवे एकदा नीट लिहिला, तर प्रत्येक नव्या प्रकल्पाची परीक्षा पहिल्या आठवड्यापासून घेता येते. त्याच्या जोडीला चाचणीसाठी बनावट नागरिकांची माहिती तयार करणारा भागही हवाच. तो हाताशी नसला की लोक खऱ्या डेटाबेसची प्रत चाचणी सर्व्हरवर नेतात, आणि लाखो नागरिकांची माहिती अशा यंत्रावर जाऊन बसते जिथे पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो.

याला विरोध करणारे डिसेंबर २०२१ ची आठवण करून देतात, आणि ती आठवण रास्त आहे. लॉगफोरजे २ या जगभर वापरल्या जाणाऱ्या लॉगिंग लायब्ररीतच अतिगंभीर त्रुटी सापडली. लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात डॉलर आणि महिरपी कंसात ‘जेएनडीआय’ने सुरू होणारी विशिष्ट अक्षरं असली, की लायब्ररी ती नुसती छापण्याऐवजी त्यातल्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणायची आणि चालवायची. म्हणजे लॉगिनच्या चौकटीत एक ओळ टाइप करून सर्व्हर ताब्यात घेता यायचा. गांभीर्याच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. २.१५.० मध्ये दुरुस्ती आली, ती अपुरी निघाली, मग २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१, असे चार बदल तीन आठवड्यांच्या आत करावे लागले. सगळ्यांनी एकच लायब्ररी वापरली म्हणून सगळे एकदम उघडे पडले, हा मुद्दा नाकारता येणार नाही.

पण त्या आठवड्यांत कोण लवकर सावरलं? आपल्या कोणत्या कार्यक्रमात कोणती लायब्ररी, कोणत्या व्हर्जनची आहे, याची यादी ज्यांच्याकडे होती ते. लॉगफोरजे स्वतः कोणी घेतलं नसलं तरी दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात, जावाच्या एका जार फाइलीच्या (कोडच्या गाठोड्याच्या) आत दुसरी जार, अशी ती दडलेली असायची, आणि ती शोधण्यातच बहुतेकांचा वेळ गेला. स्वतःचा लॉगर लिहिणं हा यावरचा इलाज नव्हे. घरगुती लॉगरमध्येही अशी भोकं असतात, फक्त ती शोधायला जगातलं कोणी बसलेलं नसतं. शिवाय ती त्रुटी ज्या सोयीमुळे आली, ती २०१३ साली भर म्हणून घातलेली होती आणि बहुतेकांना तिची गरजच नव्हती. यातून आमच्या पातळ थरासाठी एक नियम निघतो: लॉगिंगच्या लायब्ररीने मजकुराचा अर्थ लावायचा नाही, आणि नेटवर्कवर आपणहून कुठेही जायचं नाही.

चाचणीच्या लायब्ररी निरुपद्रवी असतात, हाही समज सोडावा लागेल. जानेवारी २०२२ मध्ये बनावट माहिती तयार करणाऱ्या ‘फेकर’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या कर्त्यानेच तिचा कोड काढून टाकला. नंतर समुदायाने ती वेगळ्या घरातून पुढे चालवली. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉटनेटच्या ‘मॉक’ लायब्ररीच्या नव्या व्हर्जनमध्ये असा भाग आढळला, जो प्रोग्रॅमरचा ईमेल पत्ता त्याच्या यंत्रावरून वाचून सांकेतिक रूपात बाहेर पाठवत होता. आणि मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये जो छुपा दरवाजा सापडला, त्याचा कोड चाचणीसाठीच्या फाइली म्हणूनच ठेवलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवरचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद वाटलं म्हणून तो शोधत गेला आणि जग वाचलं. म्हणून व्हर्जन ठोकून बसवायचं, नेमकी कोणती व्हर्जन घेतली याची नोंद असलेली लॉक फाइल कोडसोबत ठेवायची, लायब्ररी थेट इंटरनेटवरून न उतरवता आपल्या आरशावरून (आपल्याच सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतीवरून) घ्यायची, नवं व्हर्जन आल्या दिवशी न घेता काही आठवडे थांबायचं, मात्र सुरक्षेची दुरुस्ती असेल तर अजिबात थांबायचं नाही. आणि चाचणीच्या लायब्ररी प्रत्यक्ष सर्व्हरवर जाणाऱ्या पॅकेजमध्ये कधीच नसाव्यात.

सामायिक लायब्ररीचा आम्हाला वाटणारा खरा धोका वेगळाच आहे. ती फुगते. लॉगिंगसाठी सुरू झालेल्या लायब्ररीत कोणीतरी तारखांचे फंक्शन टाकतं, मग ईमेल पाठवण्याचं, मग कराच्या गणिताचं. दोन वर्षांत तिचं एक व्हर्जन बदलायचं म्हटलं की दहा प्रकल्प हलतात, आणि मग कोणीच बदलत नाही. म्हणून आमचा आग्रह असा, की या लायब्ररीत लॉगिंग आणि चाचणीखेरीज काहीही घेऊ नये. दोन प्रकल्पांत वीस ओळी सारख्या राहिल्या तर राहू द्याव्यात. लॉगमधले रकाने वाढवता येतील, पण असलेल्या रकान्याचं नाव किंवा अर्थ बदलता येणार नाही. काढायचा असेल तर वर्षभर आधी सांगावं लागेल. जावामध्ये या थराने फक्त एसएलएफफोरजेचा इंटरफेस (लॉग लिहायला सांगण्याची ठरलेली पद्धत) वापरावा, प्रत्यक्ष लिहिणारी लायब्ररी सोबत ओढून आणू नये. दोन लिहिणाऱ्या लायब्ररी एकत्र आल्या की कोणती चालेल याचा भरवसा नसतो. आणि जुन्या लॉगफोरजेला एसएलएफफोरजेकडे वळवणारा पूल व एसएलएफफोरजेला जुन्या लॉगफोरजेकडे वळवणारा पूल असे दोन्ही एकाच वेळी बसले, तर ते एकमेकांना हाका मारत राहतात आणि कार्यक्रम कोसळतो.

ठेकेदारांचा आक्षेप बहुधा बौद्धिक संपदेचा असतो. लॉग कसा लिहितो यात कोणाचंही धंद्याचं गुपित नसतं, त्यामुळे हा आक्षेप फार काळ टिकत नाही. केंद्र सरकारने २०१५ सालीच मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं आहे. उलट वागळे इस्टेटमधल्या पंधरा माणसांच्या कंपनीला याचा फायदाच आहे. मोठ्या कंपन्यांकडे हा सांगाडा तयार असतो, छोट्यांना तो निविदेच्या किमतीत बसवावा लागतो. तो फुकट मिळाला तर त्या खऱ्या कामाच्या बळावर स्पर्धा करू शकतील.

पैसे मात्र वेगळे काढावे लागतील, आणि इथे हात आखडता घेऊ नये. खुली लायब्ररी म्हणजे फुकटची लायब्ररी नव्हे. दोन्ही महापालिकांनी मिळून दोन-तीन पूर्णवेळ अभियंते या एकाच कामासाठी ठेवावेत. प्रकल्पाच्या देखभालीच्या रकमेत त्यांचा पगार लपवू नये, त्याची अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ असावी. नव्या त्रुटीची सूचना येते तेव्हा ती वाचणं, आपल्याकडे कुठे लागू होते ते यादीवरून काढणं, दुरुस्त व्हर्जन बांधणं आणि सगळ्या ठेकेदारांना कळवणं हे त्यांचं काम, आणि शनिवार-रविवारी त्यांच्यातला कोण उत्तर देणार हे आधीच ठरलेलं असावं. सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, कशी असावी याच्या मार्गदर्शक सूचना सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढल्या आहेत. प्रत्येक रिलीजसोबत ती यादी आपोआप तयार होऊन आली पाहिजे, कोणी एक्सेलमध्ये हाताने भरलेली चालणार नाही.

निविदेत लिहायच्या अटी मोजक्याच पुरतात, पण त्या तपासता येतील अशा हव्यात. ‘प्रणालीत योग्य लॉगिंग असावे’ या वाक्याला काहीच अर्थ नाही. त्याऐवजी असं लिहावं: प्रणाली ताब्यात घेण्याच्या दिवशी महापालिकेचा अधिकारी चाचणी वातावरणातला कोणताही एक व्यवहार क्रमांक देईल, आणि ठेकेदाराच्या माणसाने दहा मिनिटांत त्या व्यवहाराचा सगळा प्रवास लॉगमधून काढून दाखवायचा. त्याच दिवशी सामायिक मराठी चाचणीसंच आणि खोटा गेटवे प्रणालीवर चालवायचा. अधिकाऱ्याने एका अर्जात देवनागरी अंकांत चाचणीचा आधार क्रमांक भरायचा आणि सगळ्या लॉग फाइलींत तो देवनागरीत आणि इंग्रजी अंकांत, जागा सोडून आणि न सोडता, शोधून बघायचा. एका ठिकाणी जरी सापडला, तरी शेवटचा हप्ता थांबवायचा आणि दुरुस्तीनंतर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून घ्यायच्या.